जुन्या गाडीचं पहिलं कर्ज : सिबिलपासून आरसी हातात येईपर्यंत

जुनी कार कर्जावर घ्यायची म्हटलं की लोक आधी गाडी बघतात, आवडली की इसार देतात आणि मग बँकेची पायरी चढतात. आम्ही हा क्रम उलटा ठेवला. नव्या गाडीच्या कर्जात बँक फक्त माणूस तपासते, गाडी शोरूममधून कोरी येते. जुन्या गाडीत माणूस आणि गाडी दोघांची तपासणी होते, आणि फाईल अडते ती बहुतेक वेळा गाडीच्या कागदांवर. इसार आधीच देऊन बसलेला माणूस तेव्हा पेचात सापडतो.

खालचे आकडे आमच्याच फाईलमधले आहेत. गाडी फेब्रुवारी २०१९ मध्ये नोंदलेली पेट्रोल वॅगनआर, एमएच-१९ पासिंग, एकच मालक, ५८ हजार किलोमीटर चाललेली. सौदा ४ लाख १० हजारांचा. कर्ज डिसेंबर २०२५ मध्ये झालं. अर्जदार जळगावला पाईपच्या कारखान्यात नोकरीला, हातात येणारा पगार २७ हजार. घर चोपडा तालुक्यात, वडिलांच्या नावावर केळी-कापसाची शेती, आणि वडील सहअर्जदार.

पहिलं काम सिबिलचं, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या रिपोर्टाचं. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण अशा चार संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आम्ही दोन संस्थांचे काढले, कारण एकीकडे असलेली नोंद दुसरीकडे नसते असं होतं.

‘पहिलंच कर्ज आहे, आपलं पान कोरं असणार’ हा समज आपल्याकडच्या घरांत क्वचितच खरा निघतो. राष्ट्रीयीकृत बँकेचं पीककर्ज, लग्नाच्या वेळी केलेलं सोनेतारण, मोबाईलचे हप्ते, मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला राहिलेला जामीन, हे सगळं त्या रिपोर्टात निघू शकतं. जामीनदाराची नोंदही कर्जदारासारखीच उमटते, आणि मेव्हण्याने हप्ता चुकवला तर डाग आपल्याही नावावर पडतो. याच्या उलट, पतपेढीचं कर्ज कितीही नियमित फेडलं तरी त्याची नोंद सहसा या संस्थांपर्यंत जात नाही. दहा वर्षं पतपेढीचे हप्ते वेळेवर भरणाऱ्याचं पान कोरं दिसतं ते याचमुळे. पान कोरं असणं हा दोष नाही. केवळ जुना इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या निर्देशांत आहे. शाखेत कोणी ‘सिबिल नाही, होणार नाही’ म्हणालं, तर हे नम्रपणे आठवून द्यावं.

आमच्या रिपोर्टात दुचाकीचं कर्ज ‘चालू’ दिसत होतं. हप्ते दीड वर्षापूर्वीच संपले होते, पण एका बाउन्स चेकचे ५९० रुपये राहून गेले होते आणि तेवढ्यासाठी खातं उघडंच होतं. पैसे भरले, नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, घेतला, संस्थेच्या संकेतस्थळावर तक्रार टाकली. अशा तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागायला हवा, नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. जानेवारी २०२५ पासून कर्ज देणाऱ्यांना नोंदी किमान पंधरवड्याला कळवायचा नियम आला, त्यामुळे दुरुस्ती पूर्वीपेक्षा लवकर दिसते. तरी गाडी घ्यायच्या किमान दोन महिने आधी रिपोर्ट काढलेला बरा.

पीककर्जाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीत ज्यांची खाती आली, त्यांनी बँकेतून निरंक दाखला घेऊन रिपोर्टातली नोंद बंद झालेली आहे का, हे स्वतः पाहावं. पुढची माफी येईल या आशेवर ज्यांनी खातं थकवलंय, त्यांनी आपल्या नावावर किंवा आपण सहअर्जदार होऊन मुलाच्या नावावर गाडीचं कर्ज मागू नये. थकीत पीककर्ज मुलाच्या चांगल्या फाईललाही खाली ओढतं.

आणखी एक काळजी घेतली. आधार-पॅनची झेरॉक्स दिसेल त्या एजंटाला दिली नाही. प्रत्येक एजंट फाईल ‘लॉगिन’ करतो, प्रत्येक लॉगिनची चौकशी रिपोर्टात नोंदली जाते, आणि आठवड्यात पाच चौकश्या दिसल्या की सहाव्या ठिकाणी ‘हा सगळीकडे पैसे मागत फिरतोय’ असा अर्थ निघतो. व्याजदर तोंडी विचारावा. झेरॉक्स द्यायची ती दोन ठिकाणीच.

उत्पन्नाचे कागद नोकरदाराला सोपे आहेत: तीन महिन्यांच्या पगारपावत्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६. अडतात ते ठेकेदारामार्फत कामाला असलेले आणि रोखीने पगार घेणारे. त्यांनी निदान सहा महिने आधी पगार खात्यावर घ्यायला सुरुवात करावी.

शेतीचं उत्पन्न दाखवताना आपल्याकडे फार चुका होतात. सातबारा आणि ८-अ सगळेच नेतात, पण सातबाऱ्यावर पीकच नसतं. ई-पीक पाहणी केलेली नसेल तर पिकाचा रकाना कोरा राहतो, आणि शेतात पाच हजार खोड केळी उभी असली तरी बँकेच्या लेखी ती पडीक जमीन. आमच्या सातबाऱ्यावर केळी आणि कापूस दोन्ही लागलेले होते म्हणून ते उत्पन्न धरलं गेलं. दुसरा पुरावा पैशाच्या येण्याचा. सीसीआयला, म्हणजे कापूस खरेदी करणाऱ्या सरकारी महामंडळाला, घातलेल्या कापसाचे पैसे थेट खात्यावर येतात, तो उत्तम पुरावा. व्यापाऱ्याकडून रोखीने घेतलेले केळीचे पैसे घरात राहिले की ते नसल्यासारखेच. रोख घेतली तरी हिशोबपट्टी जपून ठेवावी आणि रक्कम खात्यात भरावी. बँक नुसती जमा बघत नाही. महिन्याच्या ५, १०, १५, २०, २५ अशा तारखांना खात्यात किती शिल्लक होती त्याची सरासरी काढते. पैसे आले आणि त्याच दिवशी सगळे काढले, तर सरासरी शून्याजवळ राहते.

गावातल्या घराचा पत्ता हाही प्रश्न असतो. तपासणीला येणाऱ्या माणसाला घर नंबर लागतो आणि गावात घर नंबराने कोणी ओळखत नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती, नमुना ८ चा उतारा आणि महावितरणचं बिल या तिन्हींवर एकच नाव असेल तर काम पटकन होतं. आमचं वीजबिल आजोबांच्या नावावर होतं. वारसाचा कागद जोडल्यावर ते चाललं, पण चार दिवस गेले. आधार, पॅन आणि पासबुक यांवर नावातलं एखादं अक्षर वेगळं असेल, तर तेही आधीच दुरुस्त करून घ्यावं.

आता व्याज. आमच्यासमोर दोन प्रस्ताव होते, दोन्ही ३ लाखांसाठी आणि ३६ महिन्यांसाठी. एका बँकेचा दर १२.५ टक्के. एका फायनान्स कंपनीचा ‘फक्त ८ टक्के’. ऐकणाऱ्याला वाटावं की विचारायचंच काय. पण बँकेचा दर घटत्या शिलकीवर होता आणि कंपनीचा फ्लॅट. फ्लॅटमध्ये तिन्ही वर्षं पूर्ण ३ लाखांवरच व्याज लागतं, मधे कितीही मुद्दल फेडली तरी. ३ लाखांचे ८ टक्के म्हणजे वर्षाला २४ हजार, तीन वर्षांचे ७२ हजार. हप्ता १०,३३३. बँकेचा हप्ता १०,०३६ आणि तीन वर्षांचं व्याज साधारण ६१,३००. म्हणजे ‘८ टक्क्यां’चं कर्ज १२.५ टक्क्यांच्या कर्जापेक्षा जवळपास १०,७०० रुपयांनी महाग. घटत्या शिलकीच्या हिशोबात ते ८ टक्के साडेचौदा टक्क्यांच्या थोडे वरच जातात. दर सांगणाऱ्याला एवढंच विचारावं: फ्लॅट की रिड्यूसिंग, म्हणजे घटत्या शिलकीवर? आणि एकूण किती रुपये परत जाणार?

प्रोसेसिंग फी धरली की चित्र अजून बदलतं. बँकेची फी १ टक्का होती, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये. ती धरून बँकेच्या कर्जाचा खरा वार्षिक दर १३.३ टक्क्यांच्या आसपास. कंपनीची फी २ टक्के अधिक जीएसटी, ७,०८० रुपये, आणि खरा दर १६ टक्क्यांच्या वर. हा खरा दर स्वतः काढत बसायची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला मुख्य तथ्य विवरणपत्र, म्हणजे केएफएस, द्यावंच लागतं. त्यात एपीआर या नावाने हा दर छापलेला असतो, सगळ्या फिया आणि हप्त्यांचं वेळापत्रकही असतं. कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत ते हवं, म्हणून मराठीत मागावं. शिवाय सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, तोवर त्यातल्या अटी बदलता येत नाहीत. ‘आजच सही करा, उद्या रेट वाढेल’ असं कोणी म्हटलं तर हे लक्षात ठेवावं. आम्ही केएफएस घरी आणलं, रात्री ओळ न् ओळ वाचलं, आणि त्यात कर्जासोबतचा विमा सापडला: ९,२०० रुपये, कर्जातच मिळवलेले. तो ऐच्छिक आहे का, असं लेखी विचारल्यावर काढून टाकला. घरात कमावणारा एकच असेल तर तसा विमा घेणं चुकीचं नाही, पण तो आपण ठरवून घ्यावा.

मुदत आम्ही ४८ महिने मागितली होती, मिळाली ३६. बँकेचा नियम असा की कर्ज संपेल त्या दिवशी गाडीचं वय दहा वर्षांच्या आत हवं. गाडी तेव्हा सहा वर्षं दहा महिन्यांची होती, तीत तीन वर्षं मिळवली की नऊ वर्षं दहा महिने. ही मर्यादा जागोजागी वेगळी असते, पण असते सगळीकडे. म्हणून स्वस्त मिळते म्हणून आठ-नऊ वर्षांची गाडी कर्जावर घेणाऱ्याचा हप्ता उलट जास्त बसतो, कारण मुदतच दीड-दोन वर्षं उरते. हप्ता पगारात बसतो का, हेही बँक बघते. सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत चालतात. १०,०३६ म्हणजे २७ हजारांचे ३७ टक्के, त्यामुळे अडचण आली नाही. दुचाकीचा हप्ता चालू असता तर आली असती.

सिबिल, उत्पन्नाचे कागद आणि दर एवढं झाल्यावर मगच गाडी बघायला बाहेर पडलो, तत्त्वतः मंजुरीचं पत्र खिशात ठेवून. मुदत मात्र गाडी ठरल्यावर पक्की झाली.

आपल्या भागात एक मोह मोठा आहे, परराज्यातल्या गाड्यांचा. नंदुरबार-नवापूरला सुरतेच्या जीजे-०५ च्या गाड्या येतात, रावेर-मुक्ताईनगरकडे बऱ्हाणपूरच्या एमपी-६८ च्या. दिसायला चकाचक आणि भावात ४०-५० हजारांनी कमी. ‘एक नंबर शे भाऊ’ असं सांगणारा खोटं बोलत असेल असंही नाही, गाडी खरंच चांगली असू शकते. पण ती महाराष्ट्रात नोंदवायची तर मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, लागते, इथला रस्ता कर नव्याने भरावा लागतो आणि तिकडच्या कराचा परतावा मागत फिरावं लागतं. एमएच नंबर लागेपर्यंत बहुतेक बँका तिला हात लावत नाहीत. कर्जावर घ्यायची असेल तर एमएच-१८, १९, ३९ (धुळे, जळगाव, नंदुरबार) चीच बघावी. ज्याच्याकडे पूर्ण रोख आहे त्याने परराज्याचा विचार करावा.

बँक नाकारते अशा आणखी गाड्या: आरसीवर नोंद न केलेला बाहेरचा सीएनजी किट, आधी टॅक्सी परमिटवर चाललेली, विमा फक्त थर्ड पार्टी असलेली आणि चौथ्या-पाचव्या मालकाची. सीएनजी किट कंपनीचा असला तरी टाकीच्या दर तीन वर्षांच्या हायड्रो टेस्टचा दाखला मागावा.

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, आणि फायनान्सरचं नाव कळतं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ई-चलन महाराष्ट्र ट्रॅफिक पोलिसांच्या संकेतस्थळावर वेगळं तपासावं. आमच्या गाडीवर ३ हजारांची चलनं निघाली, वेगाची आणि सीटबेल्टची. ती विक्रेत्याने भरली.

गाडी मिस्त्रीला दाखवली. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे इथे एसी आणि कूलिंग हीच मोठी तपासणी. थंडीत गाडी बघत असाल तरी एसी लावून अर्धा तास एका जागी उभी चालू ठेवावी. रेडिएटरचा पंखा वेळेवर सुरू होतो का, तापमानाचा दिवा लागतो का, ते बघावं. टाकीतलं पाणी गंजासारखं लाल असेल तर कूलंटऐवजी साधं पाणी भरत आलेत असं समजावं. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. ‘३२१८’ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी सात वर्षांचं रबर आपल्या उन्हात तडकतं. चारी टायर जुने निघाले, म्हणून सौद्यात १५ हजार कमी झाले.

सौदाचिठ्ठी ५०० च्या स्टॅम्पवर केली आणि इसार फक्त १० हजार दिला, तोही ऑनलाईन. तीत एक वाक्य मुद्दाम घातलं: कर्ज नामंजूर झालं, किंवा बँकेचं मूल्यांकन ३ लाख ६० हजारांपेक्षा कमी आलं, तर इसार पूर्ण परत. विक्रेते याला सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त ते आधी बोलावं लागतं. गाडी डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओने दिलेलं अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र, फॉर्म २९ बी, आहे का हे विचारावं. एप्रिल २०२३ पासून तशी तरतूद आहे. ते असेल तर गाडी त्याच्याकडे कधी आली याची नोंदही आरटीओत झालेली असते.

व्हॅल्युअर, म्हणजे गाडीची किंमत ठरवणारा बँकेचा माणूस, आला, वीस मिनिटं थांबला. चारी बाजूंचे फोटो, मीटरचा फोटो, इंजिन चालू करून आवाज, आणि चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेली छाप. ती छाप नीट उठली नाही, चिखल आणि गंज बसला होता. पहिला अहवाल त्यामुळे परत आला. व्हॅल्युअर यायच्या आदल्या दिवशी चेसिस नंबरची जागा ओल्या फडक्याने पुसून कोरडी करून ठेवावी. सँडपेपर मात्र लावू नये, घासलेला नंबर संशयास्पद ठरतो. मूल्यांकन आलं ३ लाख ८० हजार. सौदा कितीचा आहे याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं, ती आपल्या व्हॅल्युअरच्या आकड्याच्या ठरावीक टक्केच देते. आमच्या बाबतीत ८० टक्के, म्हणजे ३ लाख ४ हजार, आणि मंजूर झाले सरळ ३ लाख. म्हणजे खिशातून १ लाख १० हजार. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याचं गणित नेमकं इथे चुकतं: ‘८० टक्के कर्ज’ ऐकून तो सौद्याचे २० टक्के, म्हणजे ८२ हजार, तयार ठेवतो आणि शेवटच्या दिवशी २८ हजार शोधत फिरतो. फी, आरटीओ, विमा आणि टायर यांसाठी ३० हजार त्याहून वेगळे लागले. उरलेली रक्कम बँकेतूनच द्यावी. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे हा एक भाग, आणि बँकेला तुमचा वाटा दिल्याचा पुरावा लागतो हा दुसरा.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते विक्रेत्याच्या जुन्या कर्जापायी. त्याचं कर्ज २०२३ मध्येच फिटलं होतं, फायनान्सरची एनओसीही घरात होती, पण आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, त्याने उतरवलाच नव्हता. एमपरिवहनवर फायनान्सरचं नाव अजून दिसत होतं. एनओसीची मुदत साधारण ९० दिवसांची असते, ती केव्हाच उलटून गेली होती. जुन्या फायनान्सरकडून नवी एनओसी आणि बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ यायला अकरा दिवस लागले. एकाच गाडीवर दोन बोजे बसत नाहीत, म्हणून तोवर आमची बँक पुढे सरकायला तयार नव्हती, आणि ते बरोबरच होतं. काही ठिकाणी एजंट सुचवतो की पैसे आधी देऊन टाका, एनओसी मागाहून येईल. तसं अजिबात करू नये. विक्रेत्याचे त्या फायनान्सरकडे दुसरे काही पैसे बाकी निघाले, तर तो एनओसी अडवून धरू शकतो, आणि तोवर आपला हप्ता सुरू झालेला असतो.

तेवढ्या दिवसांत नंबरप्लेटचं काम उरकलं. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, लावावी लागते आणि ती नसेल तर मालकी बदलण्याची, बोजा चढवण्या-उतरवण्याची कामं अडतात. आमची गाडी दोनच महिन्यांनी जुनी निघाली. कारसाठी जीएसटीसह ८७९ रुपये. नोंदणी ऑनलाईन, तारीख सहाव्या दिवसाची मिळाली. एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला ती कारखान्यातूनच असते, हा एक व्याप कमी.

वाटपाच्या दिवशी बँकेने २ लाख ७० हजार थेट विक्रेत्याच्या खात्यावर टाकले आणि ३० हजार आरसी नावावर होईपर्यंत रोखून ठेवले. विक्रेत्याला हे सौद्याच्या वेळीच सांगितलं होतं म्हणून कुरबुर झाली नाही. कागदांचा संच असा: मूळ आरसी, मालकी बदलासाठी फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, बोजा चढवण्यासाठी फॉर्म ३४, चालू विमा, पीयूसी, दोघांचे आधार-पॅन आणि चेसिसची छाप. कोऱ्या फॉर्मवर सह्या करायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती मोडावी. तारीख, किंमत, नाव सगळं भरून मगच सही. विक्रेत्याची सही आरटीओतल्या नोंदीशी जुळायला हवी. मराठीतली सही मधल्या काळात इंग्रजीत गेलेली असते आणि अर्ज परत येतो. ओटीपी दोघांच्या मोबाईलवर येतात, म्हणून आरसीला जोडलेला विक्रेत्याचा नंबर चालू आहे का ते आधी बघावं. आमच्या गाडीला शोरूमच्या कुणाचा तरी नंबर जोडलेला होता, तो बदलून घ्यावा लागला. कारला बोजा नोंदीचं सरकारी शुल्क १,५०० रुपये, मालकी बदलाचं ३००, वर स्मार्ट कार्ड आणि पोस्टाचे. एजंटाने याच्या तिप्पट सांगितले तर त्यातलं त्याचं किती, हे विचारायला संकोच करू नये.

त्याच दिवशी ताबापत्र केलं, त्यात तारीख, वेळ मिनिटासह आणि मीटरचं रीडिंग. या वेळेआधीचं चलन विक्रेत्याचं, नंतरचं आमचं. विक्रेत्याच्या दृष्टीने मालकी बदलणं आपल्याहून जास्त गरजेचं आहे. अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. त्याला हे समजावून सांगितलं की तो सह्यांसाठी स्वतःहून धावतो.

विम्याला १४ दिवसांची मुदत आहे. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर आपोआप येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई पॉलिसी आपल्या नावावर झाल्याशिवाय मिळत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याची हप्त्यातली सवलत, विक्रेत्याचा असतो, गाडीचा नसतो. त्याने घेतलेल्या ३५ टक्के सवलतीचा उरलेल्या महिन्यांचा फरक आम्हाला भरावा लागला. पॉलिसीवर बँकेचं नावही चढवून घ्यायचं. फास्टॅग विक्रेत्याने बंद केला, नवा आरसी आल्यावर काढला.

हप्त्याची तारीख ५ देत होते, १० मागून घेतली, कारण पगार ७ ला होतो. एवढ्याशा गोष्टीने वर्षाला दोन-तीन बाउन्स वाचतात. दर स्थिर आहे, त्यामुळे कर्ज मुदतीआधी फेडलं तर आमच्या करारात ३ टक्के शुल्क आहे. व्यक्तीने स्वतःच्या कामासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जाला ते लावता येत नाही. केळीचे पैसे एकरकमी येतात आणि मधेच मोठी रक्कम भरायची इच्छा होते, त्यामुळे शेतकरी घराने ही अट सहीआधी विचारावी. सहामाही हप्ते काही ठिकाणी मिळतात, पण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

नवी आरसी पोस्टाने एकविसाव्या दिवशी आली, नावापुढे बँकेचा बोजा लागून. तिची प्रत बँकेत दिली, तेव्हा रोखलेले ३० हजार विक्रेत्याला गेले. शेवटचा हप्ता डिसेंबर २०२८ चा. त्यानंतर ३० दिवसांत बँकेला कागद परत करून बोजा काढून द्यावा लागतो, तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. एनओसी हातात आली की त्याच महिन्यात फॉर्म ३५ भरायचा, असं आताच डायरीत लिहून ठेवलंय. ती कपाटात पडून राहिली तर पुढे ही गाडी घेणाऱ्याचे अकरा दिवस जातील.